माळी, वाटसरू आणि किनाऱ्यावरचा माणूस: ईस्टरनंतरच्या पन्नास दिवसांत काय चालतं?

पोप फ्रान्सिस गेले तो सोमवार होता, २१ एप्रिल २०२५. आदल्याच दिवशी, ईस्टरच्या (क्रुसावर मेलेला येशू पुन्हा उठला त्या सणाच्या) रविवारी, त्यांनी व्हॅटिकनच्या सज्जातून लोकांना आशीर्वाद दिला होता. मंगळवारी सकाळी लोकलमध्ये माझ्या शेजारी चौथ्या सीटवर अर्धीमुर्धी टेकलेली मैत्रीण मोबाइल पुढे धरून म्हणाली, "बघ ना, सण होईपर्यंत जीव धरून राहिले बिचारे. सण संपला नि गेले."

"संपला कुठे? सणातच गेले ते," मी म्हटलं. "आमचा ईस्टर अजून सत्तेचाळीस दिवस आहे."

"अगं, गणपतीसुद्धा दहा दिवसांत जातात!"

बोरिवली येईपर्यंत मी तिला जमेल तेवढं सांगितलं आणि बरंचसं राहून गेलं. हे लिहिणं त्या राहून गेलेल्या भागासाठी. थोडं आमच्याच लोकांसाठीही, कारण खरं सांगायचं तर गुड फ्रायडेला आमच्या वसईत चर्चच्या पायऱ्यांवरही उभं राहायला जागा नसते आणि पंधरा दिवसांनी मागची बाकं रिकामी दिसतात. ईस्टरआधीच्या उपवासकाळात लग्नं होत नाहीत, त्यामुळे ईस्टर उलटला की जी लग्नांची रांग लागते तिच्यातच आम्ही हे पन्नास दिवस घालवून टाकतो.

तारीख आणि पन्नासचा आकडा

ईस्टरची तारीख दर वर्षी का हलते, हे मराठी माणसाला खरं तर चटकन कळायला हवं. आपल्या सणांच्या तारखा कुठे एका जागी थांबतात? नियम असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. २०२३ साली हनुमान जयंती ६ एप्रिलला होती आणि ईस्टर ९ एप्रिलला. २०२४ साली होळी २४ मार्चला पेटली, ईस्टर ३१ मार्चला आला. चर्चचा चंद्र आकाशातल्या चंद्राच्या एखाद-दुसरा दिवस मागेपुढे असतो, पण ढोबळ खूण म्हणून होळी किंवा हनुमान जयंती पुरते.

पौर्णिमाच का? येशूला क्रुसावर दिलं ते यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत, आणि तो सण पौर्णिमेचा. सगळ्यांनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा हे इसवी सन ३२५ मध्ये नायसिया इथल्या धर्मपरिषदेत ठरलं. पूर्वेकडची बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्च अजून जुन्या पंचांगानं चालतात, म्हणून त्यांचा ईस्टर पुष्कळदा वेगळ्या रविवारी येतो.

आता पन्नास. ईस्टरपासून पन्नासावा दिवस म्हणजे पेंटेकॉस्ट. ग्रीकमध्ये त्या शब्दाचा अर्थच पन्नासावा. यहुदी लोकांचा वल्हांडणानंतर सात आठवड्यांनी येणारा सुगीचा सण होता, त्या दिवशी जेरुसलेममध्ये जमलेल्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला असं बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात लिहिलं आहे. (प्रेषित म्हणजे येशूनं निवडून पाठवलेले शिष्य.) ईस्टर ते पेंटेकॉस्ट या दिवसांना आम्ही पुनरुत्थानकाळ म्हणतो. चौथ्या शतकातले संत अथनासियस या अख्ख्या पन्नास दिवसांना मिळून 'मोठा रविवार' म्हणत. आणि नायसियाच्याच परिषदेचा एक नियम असा की या दिवसांत प्रार्थना गुडघे टेकून नव्हे, उभं राहून करायची. उपवास चाळीस दिवसांचा, आनंद पन्नास दिवसांचा. हिशेब मुद्दाम तसा ठेवलेला आहे, पण आपल्याला उपवास नेटानं करता येतो, आनंदाची शिस्त काही जमत नाही.

या काळाची एक खूण चर्चमध्ये डोळ्यांसमोर असते. ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चच्या अंगणात शेकोटी पेटवून तिच्यावरून एक मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस असतो, त्या सालाचे चार आकडे असतात आणि धुपाचे पाच खडे खोवलेले असतात, ख्रिस्ताच्या पाच जखमांसाठी. पन्नास दिवस ती वेदीजवळ उभी असते आणि मिस्सेच्या, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेच्या, वेळी जळते. लहानपणी मी तिच्या उंचीवरून किती दिवस उरले याचा अंदाज बांधायचे.

पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे

लोकलमधल्या मैत्रिणीचा पुढचा प्रश्न होता, "म्हणजे तुमच्यातही पुनर्जन्म मानतात?" हा गोंधळ इतका सर्रास होतो की थांबून सांगायला हवं. पुनर्जन्मात जीव एक देह सोडतो आणि दुसरा घेतो. पुनरुत्थानात माणूस तोच, देहही तोच, पण बदललेला, आणि पुन्हा मरण नाही.

मेलेला माणूस जिवंत होणं एवढ्यावरही ते थांबत नाही. बायबलमध्ये लाजरची गोष्ट आहे. तो मेला, चार दिवसांनी येशूनं त्याला कबरेतून हाक मारून बाहेर बोलावलं. पण लाजर परत आला तो आपल्या जुन्याच आयुष्यात. पुढे कधीतरी त्याला पुन्हा मरावं लागलंच असणार. येशू मागे आला नाही, तो पलीकडे गेला असं चर्च मानतं.

संत पौलानं करिंथच्या लोकांना पत्र लिहिलं ते इसवी सनाच्या पन्नाशीत, चारही शुभवर्तमानांच्या आधी. (शुभवर्तमान म्हणजे येशूचं आयुष्य आणि शिकवण सांगणारी बायबलमधली चार पुस्तकं: मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची.) त्या पत्रात तो बियाण्याचा दाखला देतो: तू पेरतोस ते उद्या उगवणारं रोप नव्हे, नुसता दाणा असतो. भाताचा दाणा आणि लोंबी शेजारी ठेवली तर परक्याला पटणारही नाही की हे एकच. शेतकऱ्याला मात्र त्यात शंका नसते. दाखला तेवढ्यापुरताच घ्यावा; पुढे ताणला की तुटतो.

कुणालाच ओळखू का येत नाही?

माझ्या मते या पन्नास दिवसांचं सगळं मर्म इथं आहे, म्हणून इथं जरा रेंगाळते.

पुनरुत्थानानंतरच्या गोष्टी ओळीनं वाचल्या तर एक विचित्र गोष्ट लक्षात येते. येशू भेटतो आणि जवळची माणसं त्याला ओळखत नाहीत. येशूची शिष्या मग्दालीया मरीया कबरेपाशी रडत उभी आहे. मागे कुणीतरी आहे, तिला वाटतं इथला माळी असेल. ती त्यालाच विचारते, बाबा, तू त्याला इथून हलवलं असशील तर कुठे ठेवलंस ते सांग. ज्याला शोधते आहे त्यालाच त्याचा पत्ता विचारते. तो एकच शब्द बोलतो: "मरीये." आणि तिला कळतं. चेहऱ्यावरून नाही, हाक मारण्याच्या पद्धतीवरून. वाडीत वाढलेल्या कुणालाही हे पटेल. केळीच्या पानांआडून आलेल्या एका हाकेवरून आपण माणूस ओळखतो.

दुसरी गोष्ट अम्माऊसच्या वाटेवरची. दोन शिष्य जेरुसलेमहून गावाकडे निघालेत, अंतर साठ स्टेडिया, म्हणजे अकरा किलोमीटरच्या आसपास. आपल्याकडे नायगाव ते विरार म्हणा. एकाचं नाव क्लयपा, दुसऱ्याचं दिलेलं नाही. दोघं खचलेले. वाटेत एक अनोळखी माणूस येऊन मिळतो, कसलं बोलणं चाललंय म्हणून विचारतो, आणि मग चालता चालता त्यांना शास्त्र उलगडून सांगतो. एवढी वाट बरोबर चालूनही ओळख नाही. गाव येतं. तो पुढे जायच्या बेतात असतो, हे आग्रह करतात: आमच्याबरोबर राहा, संध्याकाळ होत आली आहे, दिवस कलला आहे. तो जेवायला बसतो, भाकर घेतो, मोडतो, त्यांना देतो. त्या क्षणी ओळख पटते, आणि त्याच क्षणी तो दिसेनासा होतो. मग ते दोघं काय करतात? रात्रीच उठून ती सगळी वाट उलट चालत जेरुसलेमला जातात.

आमची मिस्सा नेमकी याच क्रमानं चालते: आधी शास्त्रवाचन आणि त्याचा उलगडा, मग भाकर मोडणं. "रोज तेच तेच काय करता?" असं कुणी विचारलं की मला अम्माऊस आठवतं. वाट तीच असते, ओळख पटणं मात्र आपल्या हातात नसतं.

तिसरी गोष्ट थोमाची. इतर शिष्यांनी येशूला पाहिलं तेव्हा हा बाहेर होता. त्यानं साफ सांगितलं, त्याच्या जखमांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. आठ दिवसांनी येशू आला आणि म्हणाला, घाल बोट. चित्रकारांनी थोमाचं बोट जखमेत घातलेलं रंगवलं, पण योहानाच्या शुभवर्तमानात त्यानं हात लावला असं लिहिलेलंच नाही. "माझ्या प्रभू, माझ्या देवा" एवढंच तो बोलला. हाच थोमा पुढे केरळात उतरला आणि चेन्नईतल्या मैलापूरला त्याला हौतात्म्य आलं ही आपल्याकडची जुनी परंपरा. ईस्टरनंतरच्या पहिल्याच रविवारी दर वर्षी हाच उतारा वाचतात. रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र आहे, इतर रविवारचे उतारे त्याप्रमाणे बदलतात, थोमा मात्र तिन्ही वर्षं जागचा हलत नाही. शंका घेणाऱ्याला चर्चनं इतकी मानाची जागा दिली आहे हे आमच्या कित्येक उपदेशकांच्या ध्यानात नसतं.

त्यातली एक बारीक गोष्ट मला सगळ्यात जास्त धरून ठेवते. पुनरुत्थित शरीर बंद दारांतून आत येतं, तरी त्यावरच्या जखमा गेलेल्या नाहीत. देवाला त्या पुसता आल्या नसत्या का? पुसल्या नाहीत. उलट ओळख पटण्याची खूण त्याच आहेत.

एकशे त्रेपन्न मासे

चौथी गोष्ट गालीलच्या सरोवरावरची. येशूचा शिष्य पेत्र (मूळ नाव शिमोन) आणि सोबती रात्रभर जाळी टाकून रिकामे. पहाटे किनाऱ्यावर कुणी उभा आहे, तो ओरडून सांगतो, होडीच्या उजवीकडे जाळं टाका. मासळी एवढी लागते की जाळं ओढवत नाही. योहान आकडा देतो: एकशे त्रेपन्न मोठे मासे.

या आकड्यावर विद्वानांनी शतकानुशतकं डोकं चालवलं. संत जेरोमच्या म्हणण्याप्रमाणे त्या काळी माशांच्या तेवढ्याच जाती माहीत होत्या. संत अगस्तीननं गणित मांडलं: एक ते सतरा आकड्यांची बेरीज एकशे त्रेपन्न. (करून बघा, बरोबर येते.) आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एकदा हे सगळं चाललेलं असताना पाचूबंदरची एक कोळीण मावशी म्हणाली, "मोजले कारण वाटे घालायचे होते. सात जण होते ना होडीत?" होते सातच. मला अजूनही अगस्तीनपेक्षा मावशीचं म्हणणं पटतं.

किनाऱ्यावर निखारे पेटलेले आहेत, त्यावर मासा आहे, भाकर आहे. पुनरुत्थित प्रभू बोलावतो, "या, न्याहारी करा." चमत्काराच्या गोष्टीत इतकं घरगुती वाक्य!

त्या निखाऱ्यांकडे मात्र नीट बघायला हवं. मूळ ग्रीकमध्ये निखाऱ्यांच्या शेकोटीला जो शब्द आहे तो अख्ख्या नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या भागात, दोनदाच येतो. एकदा इथं, आणि एकदा त्याआधी, येशूला पकडलं त्या रात्री मुख्य याजकाच्या अंगणात. थंडी होती म्हणून पेत्र त्या शेकोटीशी शेकत उभा होता आणि तिथंच तो तीनदा म्हणाला, मी त्याचा नव्हे. आता तसेच निखारे, तोच वास, आणि येशू तीनदा विचारतो, "योहानाच्या मुला शिमोना, तू माझ्यावर प्रेम करतोस का?" झाल्या गोष्टीचा उच्चारही नाही, जाब नाही. तीन नकारांवर तीन होकार चढतात, एवढंच.

"पण चारही पुस्तकांचे तपशील जुळत नाहीत"

नाहीच जुळत. पहाटे कबरेवर कोण गेलं? मत्तयात दोघी, मार्कात तिघी, लूककडे तिघींची नावं आणि शिवाय 'इतर', योहानात मग्दालीया मरीया एकटीच. देवदूत कुठे एक, कुठे दोन. मार्कच्या सर्वात जुन्या हस्तलिखितांत तर शेवट असा आहे की त्या बायका घाबरून पळाल्या आणि कुणालाही काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या शतकात सीरियाच्या तातियान नावाच्या माणसानं चारही वृत्तान्त एकत्र गुंफून एकच सलग पुस्तक केलं. सीरियातल्या चर्चमध्ये ते पाचव्या शतकापर्यंत वाचलं जाई. सोयीचं होतं, तरी अखेर चर्चनं चार पुस्तकं चार म्हणूनच ठेवली. आजी गेली त्या रात्रीबद्दल आमच्या घरातले चौघे चार गोष्टी सांगतात. शेवटचं पाणी कुणी पाजलं यावर अजून वाद आहे; ती त्या रात्री गेली यावर नाही. सगळ्यांनी बसून एकच अधिकृत हकिकत तयार केली असती तर आजी त्यातून निसटलीच असती.

मृतदेह चोरीला गेला असेल ही शंकाही नवी नाही. पहारेकऱ्यांना पैसे देऊन तशी बातमी पसरवली गेली हे मत्तयानंच लिहून ठेवलंय. शिवाय, गोष्ट रचायचीच असती तर पहिली साक्षीदार म्हणून बाई कुणी घेतली नसती. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस स्पष्ट लिहितो की बायकांची साक्ष ग्राह्य धरू नये. तरी चारही ठिकाणी बातमी आधी बायकांनाच कळते. मग्दालीया मरीयेला परंपरेनं 'प्रेषितांची प्रेषिता' म्हटलं जातं. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला.

यातून पुनरुत्थान सिद्ध होतं का? नाही. रिकाम्या कबरेतून कबर रिकामी होती एवढंच सिद्ध होतं. पुढचं पाऊल श्रद्धेचं, आणि ते पुराव्यानं सक्तीचं होत नाही. गणितासारखा पुरावा आहे असं कुणी सांगू लागला तर मला थोमाची बाजू घ्यावीशी वाटते.

आधी पाणी, मग शिकवणी

पहिल्या काही शतकांत प्रौढ माणसं ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेत. अगस्तीननं इसवी सन ३८७ मध्ये मिलानला याच रात्री घेतला. पुढचे आठ दिवस नवबाप्तिस्मित पांढऱ्या झग्यात रोज चर्चला येत, आणि गंमत ही की काल रात्री आपल्याबरोबर जे झालं त्याचा अर्थ त्यांना तेव्हा कळायचा. पाण्यात का उतरवलं, तेल का लावलं, भाकर आणि द्राक्षारस म्हणजे काय, हे सारं नंतर. चौथ्या शतकात जेरुसलेममध्ये अशी प्रवचनं होत, त्यांतली काही आजही वाचायला मिळतात.

हे आपल्याला उलटं वाटतं. शाळेत आधी धडा, मग प्रयोग. पण वसईतल्या बावखलात जो पोहायला शिकला त्याला उलटं वाटणार नाही. (बावखल म्हणजे आमच्याकडची वाडीतली गोड्या पाण्याची तळी, आता बरीच बुजवली गेली.) काठावर बसवून पाण्याची थिअरी कुणी शिकवत नसे. मोठा भाऊ ढकलून द्यायचा, नाकातोंडात पाणी जायचं, आणि मग तो सांगायचा, हात असे मार, श्वास असा धर. तोवर त्या सूचनांना अर्थच नसायचा. ईस्टरची रात्र म्हणजे ढकलणं, आणि पुढचे पन्नास दिवस म्हणजे हात कसे मारायचे ते. आम्हा बहुतेकांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला, म्हणजे ढकलून चाळीस वर्षं झाली आणि सूचना ऐकायच्या राहूनच गेल्या.

रवंथ

"कॅथलिक लोक बायबल वाचत नाहीत," असं आमचे प्रोटेस्टंट मित्र चिडवतात. चिडवण्यात तथ्य आहे. माझ्या आजीच्या घरात जपमाळा अर्धा डझन, बायबल एकही नाही. मिस्सा लॅटिनमध्ये, ती मराठीत आली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. त्या परिषदेनं १९६५ साली बायबल सगळ्यांच्या हाती सहज यायला हवं असं सांगताना संत जेरोमचं जुनं वचन पुढे केलं: शास्त्राचं अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचंच अज्ञान. रविवारी तीन वर्षांच्या चक्रानं अधिक बायबल वाचायला लागले तेही त्यानंतरच.

पण वाचायचं कसं? कादंबरीसारखं सलग वाचत गेलात तर नियमांनी भरलेल्या लेवीयच्या पुस्तकात अडकाल, बरेच जण अडकतात. मठांतून चालत आलेली एक पद्धत आहे, तिला लॅटिनमध्ये 'लेक्सिओ दिविना' म्हणतात, म्हणजे पवित्र वाचन. बाराव्या शतकात गिगो नावाच्या मठवासीयानं तिच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द सान्निध्य. दाखलाही खाण्याचाच: घास तोंडात घेणं, चावणं, चव लागणं आणि मग नुसता गोडवा. मठांत मननाला रवंथ हाच शब्द वापरत, गाईचा रवंथ. आपल्याकडे श्रवण, मनन, निदिध्यासन म्हणतात, त्याच्या जवळपासची ही गोष्ट. एकच म्हणणार नाही, कारण इथं तिसरी पायरी समोरच्याशी बोलण्याची आहे.

करायला फारसं काही लागत नाही. दिवसाचं शुभवर्तमान पाच-दहा ओळींचंच असतं. हळू वाचायचं, शक्य तर ओठ हलवून. एखाद्या शब्दाशी पाय अडखळला की तिथंच थांबायचं, पुढे पळायचं नाही. का अडखळला ते बघायचं. मग त्याबद्दल देवाशी जे बोलावंसं वाटेल ते, तक्रार असली तरी. मग गप्प. झोप लागली तर लागली.

बायबल नसलेल्या माझ्या आजीला हे सगळं येत होतं. मराठीत मिस्सा आल्यावर ती रविवारी एक वाक्य उचलून घरी आणायची आणि आठवडाभर वापरायची. उन्हाळ्यात मोगऱ्याच्या कळ्या खुडताना ती ते पुटपुटत असे. "आमच्याबरोबर राहा, संध्याकाळ होत आली आहे" हे तिचं आवडतं. शेवटच्या वर्षांत तिला दिसेनासं झालं तेव्हा दिवेलागणीला ती तेवढंच म्हणायची, आणि ते देवाला म्हणते आहे की घरी जायला निघालेल्या आम्हा नातवंडांना, हे कळत नसे.

"चर्चमध्ये ठीक आहे, घरी काय बदलतं?"

या प्रश्नाला पुनरुत्थानकाळाची वाचनंच उत्तर देतात. एरवी रविवारच्या मिस्सेत पहिलं वाचन जुन्या करारातून, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागातून असतं. या पन्नास दिवसांत ते प्रेषितांच्या कृत्यांतून असतं, म्हणजे येशूच्या मागे राहिलेल्या माणसांनी पुढे काय केलं त्याची हकिकत. ती वाचून धीर येतो, कारण सहाव्या अध्यायातच भांडण आहे. कशावरून? जेवणाच्या वाटपावरून. ग्रीक बोलणाऱ्यांचं म्हणणं, आमच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं. म्हणजे रेशन आणि भाषा, दोन्ही वाद पहिल्याच पिढीत. प्रेषितांनी उपदेश करून विषय झटकला नाही. वाटपासाठी सात जण नेमले, आणि त्या सातांची नावं बघितली तर सगळी ग्रीक. तक्रार करणाऱ्यांच्याच हाती वाटप दिलं असं दिसतं. ज्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मराठी, कोंकणी आणि इंग्रजी मिस्सेच्या वेळांवरून कुरबुरी होतात, तिथं हा उतारा मोठ्यानं वाचावा.

आता घरातलं एक. माझ्या वडिलांचा आणि काकांचा विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून अबोला होता, चांगला अकरा वर्षांचा. दोघं एकाच मिस्सेला. शेजारच्यांना शांती द्यायची वेळ आली की वडील हात जोडून बरोबर उलट्या बाजूच्या बाकाकडे वळायचे. एका वर्षी ईस्टरनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात न्याहारीचा उतारा झाला. फादर निखाऱ्यांबद्दल बोलले. घरी येऊन वडील काहीच बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी केळ्यांची एक फणी पाटीत ठेवून माझ्याकडे दिली, "काकांकडे टाक." कशासाठी, ते सांगितलं नाही. काकूनं पाटी घेतली, आत गेली, काकांशी काहीतरी कुजबुजली. भांडं रिकामं परत देत नाहीत, म्हणून पाटी आली तिच्यात एक दुधी होता.

बोलायला त्यांना त्यानंतरही दीड वर्ष लागलं. पाळीचा प्रश्न तर सुटलाच नाही, विहीरच आटली. पण शांती देताना वडील उलट्या बाजूला वळायचे ते हळूहळू सरळ उभे राहू लागले, मग थोडे काकांकडे, मग एका रविवारी मान हलली. चर्चमधल्या इतर कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

मग मेणबत्तीचं काय होतं?

पेंटेकॉस्टला फादर लाल झगा घालतात, शिष्यांवर उतरलेल्या आगीच्या जिभांचा रंग म्हणून. त्यानंतर हिरवा. चर्चच्या पंचांगात या लांबलचक हिरव्या दिवसांना सामान्य काळ म्हणतात. पेंटेकॉस्ट येतो तेव्हा मे किंवा जून असतो. वसईत तोवर आभाळ भरून आलेलं असतं, वाडीत ओल्या मातीचा वास असतो, आणि लग्नंही संपलेली असतात.

ईस्टरची मेणबत्ती त्या दिवशी वेदीजवळून उचलून बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ नेतात. यापुढे ती रोज पेटत नाही. बाप्तिस्मा असला की पेटवतात आणि अंत्यविधी असला की शवपेटीजवळ आणून ठेवतात. गेल्या जुलैत एका शनिवारी मी ती दोन्ही वेळा पेटलेली पाहिली, सकाळी एका म्हाताऱ्या शेजाऱ्यासाठी आणि संध्याकाळी एका दोन महिन्यांच्या मुलीसाठी. मधल्या वेळात चर्चची देखभाल करणारे काका छत्री दाराशी टेकवून आत आले, त्यांनी लहान कात्रीनं वातीचं काजळलेलं टोक कापलं, ओघळलेलं मेण नखानं खरवडलं आणि सालाचे आकडे नीट दिसतील अशी ती पुन्हा समोर वळवून ठेवली.